शिळं पाणी

“बाय, माजी गाडी गेली काय गो?”

परकारकाकांनी हे विचारलं तेव्हा भर दुपार होती, पण खिडकीबाहेर बघून ते कुणाला पटलं नसतं. सगळं आभाळ तांबूस होऊन जमिनीवर उतरलं होतं. समोरचं पार्किंग दिसत नव्हतं, पार्किंगमधली अँब्युलन्स दिसत नव्हती, आणि काचेवर वाळू अशी आपटत होती की जणू कुणीतरी मुठीमुठीने तांदूळ फेकतंय.

“गाडी गेली नाही काका, निघालीच नाही,” मी म्हटलं. “पोलिसांनी हायवे बंद केलाय. वारा पडला की निघू.”

“वारा कवा पडनार?”

“ते मला काय विचारताय? मी परतूरची. आमच्याकडे पंखा बंद केला की वारा पडतो.”

काका हसले, पण अर्धवट. हसायलाही दम लागत होता. पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि पापण्या जड. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि रक्तदाब लिहून घेतला.

आता या गोष्टीला वीसएक वर्षं झाली. आखाताच्या किनाऱ्यावर रास-मलिहा नावाचं तेलाचं एक गाव आहे, तिथल्या हॉस्पिटलात मी डायलिसिसची नर्स होते. इस्माईल परकार मूळचे हर्णैचे. रास-मलिहाच्या मच्छीबाजाराजवळ त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आणि गावातल्या निम्म्या अरबांचे पायघोळ झगे त्यांनी शिवलेले होते. किडन्या गेल्यापासून ते आठवड्यातून तीनदा आमच्या युनिटमध्ये यायचे. मशीन त्यांचं रक्त धुऊन द्यायचं, आणि तेवढा वेळ ते मला माझ्या युनिफॉर्मची शिवण कशी वाकडी आहे ते सांगायचे. मराठी बोलायला मिळतं म्हणून ते मला सोडत नसत, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना सोडत नसे.

रक्त धुवायला पाणी लागतं, आणि पुष्कळ लागतं. एका माणसाच्या एका वेळेला दोन-तीन पिंपं सहज जातात. नेमकं तेच संपलं होतं.

त्या गावाला नदी नाही, तळं नाही, पाऊस तर पाहुणा. समुद्राचं पाणी कारखान्यात गोड करायचं आणि नळाला सोडायचं, एवढाच आधार. माझा नवरा विलास त्याच कारखान्यात होता. त्या आठवड्यात समुद्रात कुठल्यातरी जहाजातून तेल गळलं आणि उत्तरेच्या वाऱ्याने ते तवंगासकट किनाऱ्याकडे लोटत आणलं. तेल कारखान्यात शिरलं असतं तर पुढचे कित्येक महिने गाव कोरडं राहिलं असतं. म्हणून त्यांनी आधी कारखाना निम्म्यावर आणला, नळ सकाळी तासभर सोडायला सुरुवात केली, आणि विलास घरी यायचा बंद झाला. ज्या तेलावर ते सगळं गाव जगत होतं तेच त्याच्या नरड्याशी आलं होतं.

आमच्या हॉस्पिटलात संकटाची तयारी कमी नव्हती. आगीची कवायत व्हायची, वायुगळतीची व्हायची. पिवळी जाकिटं घालून आम्ही अंगणात उभं राहायचं आणि कुणीतरी आमची डोकी मोजायचं. पाणी नसण्याची कवायत मात्र कुणाला सुचली नव्हती. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात; आमच्या गावात खणली असती तरी तेलच लागलं असतं. हॉस्पिटलचं पाणी टँकरने यायचं. कारखाना निम्म्यावर आल्यापासून टँकर कमी येत होते. डायलिसिसचे पेशंट दोन फेऱ्यांत राजधानीला पाठवायचे ठरलं. पहिली फेरी आदल्या दिवशी गेली. परकारकाका दुसऱ्या फेरीसाठी आमच्याकडेच भरती होते, आणि दुसऱ्या फेरीआधी वारा आला; टँकर आणि अँब्युलन्स, दोन्ही अडकले.

डॉक्टर हैफांनी मला बाहेर बोलावलं. बाई तरुण होत्या, शांत होत्या, पण त्या दिवशी कार्डिओग्रामची पट्टी त्यांनी हातात चुरगळून धरली होती.

“बघ,” त्या म्हणाल्या.

मी बघितलं. पोटॅशियम वाढलं की हृदयाच्या आलेखातल्या टेकड्या उंच आणि टोकदार होतात. या तंबूसारख्या झाल्या होत्या.

“इंजेक्शनं दिलीत. त्याने थोडा वेळ मिळेल. संध्याकाळपर्यंत मशीनवर घेतलं नाही तर मी शब्द देत नाही.”

“टाकीत?”

“आहे ते बाळंतिणींसाठी ठेवलंय. आत जुळ्यांची एक बाळंतीण अडलीय. ते मी तोडू शकत नाही.”

दुकानातल्या बाटल्या तर पहिल्याच दिवशी संपल्या होत्या. आमचा टेक्निशियन जोबी, केरळचा मुलगा, मशीनचं पाणी गाळायचा संच पुसत बसला होता. खरं तर काही पुसण्यासारखं नव्हतं.

“जोबी, एका माणसापुरतं पाणी मिळालं तर?”

“सिस्टर, कहाँ से मिलेगा?”

“आमच्या बिल्डिंगमधून,” मी म्हटलं.

आमची बिल्डिंग हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागूनच होती. विलासने एकाला नोकरी लावली, त्याने मेव्हण्याला आणलं, मेव्हण्याने गावातल्या दोघांना; असं करत करत चारही मजले जालना-परभणीकडच्या लोकांनी भरले होते. आणि आमच्याकडच्या माणसाच्या घरात देव नसेल, पण पिंप असतं. कारखान्यात कामाला असला तरी असतं. अरब घरमालक आमच्या बाथरूममधली निळी पिंपं बघून हसायचा. त्या आठवड्यात तो हसायचा थांबला होता.

त्यातून माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आलेल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. नळ तासभरच येणार म्हटल्यावर बाकीच्यांचे चेहरे पडले आणि आत्याबाईंचा उजळला. आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला तोच पेपर आला होता. नळाच्या वेळेला त्या जिन्यात उभ्या राहून चारही मजल्यांना हाका मारायच्या. “वंदे, तुझा हंडा घासला का? घास आधी! शिळ्यात ताजं मिसळू न्हाई!” नळ आला की घागरी रिकाम्या, घासून लख्ख, आणि ताजं पाणी. कालचं उरलेलं एक घोटभर का असेना, ते प्यायला चालायचं नाही. यावरून आमचं रोज सकाळी वाजायचं.

“आत्याबाई, पाणी काय भाजी आहे का शिळी व्हायला?”

“तू दवाखान्यात शिकव. पाण्याचं मला शिकवू नको.”

परतूरला आठ-आठ दिवसांनी नळ येतो, तिथेही त्या हेच करायच्या. मी हात टेकले होते.

त्या दुपारी मी तोंडाला ओली ओढणी बांधून मागच्या फाटकातून पळाले. पळाले म्हणते, भिंतीला हात लावत चालले. डोळे उघडता येत नव्हते. जिन्यात शिरल्यावर तोंडातली वाळू थुंकली आणि खालूनच ओरडले, “आत्याबाई! पाणी पाहिजे! पेशंटसाठी!”

चारही मजल्यांची दारं उघडली.

आत्याबाई जिन्याच्या कठड्यावरून वाकल्या. “कोण पेशंट?”

“परकारकाका. हर्णैचे. डायलिसिस नाही झालं तर संध्याकाळपर्यंत...”

“किती लागतं?”

“दोन-तीन पिंपं.”

कुणीही विचारलं नाही की मग आमच्या लेकरांनी काय प्यायचं. वंदनाने स्वयंपाकघरातली घागर कमरेवर घेतली. सोपानरावांनी पाण्याचा कॅन खांद्यावर टाकला. कुणी कळशी, कुणी कुकर, कुणी दुधाचं पातेलं. तोंडाला फडकी बांधून जिन्यापासून हॉस्पिटलच्या मागच्या दारापर्यंत माणसांची रांग लागली आणि भांडी हातोहात जाऊ लागली. आत्याबाईंनी देवासमोरचा तांब्यासुद्धा दिला. “आजारी माणसाला द्यायचंय, चांगलंच द्या,” त्या प्रत्येकाला सांगत होत्या. “एकदम ताजं. सकाळचं.”

युनिटच्या मागे एक छोटी टाकी होती, तिच्यातून पाणी गाळणीच्या संचात जायचं. पहिली घागर टाकीत रिकामी करायला मी उचलली, तेवढ्यात जोबीने माझा हात धरला.

“एक मिनट.”

त्याने पांढऱ्या बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, आणि वर दिवा धरला. मी वाकून बघितलं. पाण्यावर मोरपिसासारखा जांभळा-हिरवा पापुद्रा तरंगत होता. मी नाक जवळ नेलं. कालपासून वाळू ओढून नाक चोंदलं होतं, तरी आता कळलं. रॉकेल.

जोबीने दुसरी घागर बघितली, तिसरी बघितली, सोपानरावांचा कॅन बघितला. सगळीकडे तेच.

“सिस्टर, ये पानी नहीं चलेगा. तेल है. एक बार अंदर गया तो फिल्टर खतम. फिर किसी का भी डायलिसिस नहीं.”

मागच्या दारात वंदना रिकामी कळशी घेऊन उभी होती. “ताई, अजून आणू?” तिने विचारलं. तिच्या भुवयांवर वाळू साचली होती आणि चेहऱ्यावर नुकतंच पुण्य केल्याचं समाधान. मी तिला हातानेच थांबवलं.

आत काकांच्या मॉनिटरचा आवाज बदलला होता. डॉक्टर हैफा आणखी एक इंजेक्शन भरत होत्या. मी टेबलावरचा फोन उचलला आणि कारखान्याचा नंबर फिरवला. मोबाइल कालपासून मेले होते, पण हॉस्पिटलचा जुना फोन चालू होता. विलास लगेच लाइनवर आला. तो काही बोलायच्या आधी मीच सुरू केलं.

“तुमच्या पाण्याला रॉकेलचा वास येतोय!”

“अगं मी सकाळपासून घरी फोन लावतोय! लागत नाही. टीव्हीवरही सांगितलं दुपारी.”

“आपल्या गच्चीवरची डिश उडून कुठे गेली ते त्या वाऱ्याला माहीत. काय झालं?”

“पहाटे थोडं तेल आत आलं. आम्ही लगेच सगळं बंद केलं, पण तोवर नळाला थोडं गेलं होतं. आज सकाळचं पाणी कुणी पिऊ नका. लेकरांना तर अजिबात देऊ नका.”

“आणि कालचं?”

“कालचं चोख होतं. पण कालचं आता कुठून आणशील? आईने ते सकाळीच काढून टाकलं असणार.”

मी फोन ठेवला. ठेवताना मला राग आला होता. आत्याबाईंचा, त्यांच्या घासलेल्या हंड्यांचा, सगळ्या परतूरचा. पाण्यासाठी जन्मभर तरसलेली बाई चांगलं पाणी काढून टाकते! आणि मग मला एकदम आठवलं, ही बाई पाण्याचा थेंब कधी टाकत नाही.

टाकत नाहीच. आमच्याकडे शिळं पाणी फेकत नाहीत, त्याची बदली होते. स्वयंपाकघरातून ते मोरीत जातं. प्यायचं होतं ते वापरायचं होतं. आत्याबाई रोज सकाळी घागरीतलं उरलेलं पाणी काढत आणि बाथरूममधल्या निळ्या पिंपात ओतत; नळाचं ताजं पाणी थेट तिथे कधी जात नसे. आंघोळीला, फरशीला, संडासला. चार मजल्यांवर प्रत्येक घरात, त्यांच्याच हुकमाने. चोख पाणी मोरीत बसलं होतं आणि देवापुढे रॉकेल.

मी पुन्हा फाटकाकडे पळाले. या वेळी डोळे उघडे ठेवूनच.

“सकाळचं पाणी कुणी पिऊ नका!” जिन्यात पाय ठेवल्याठेवल्या ओरडले. “त्यात तेल आहे! लेकरांना देऊ नका! आणि मोरीतली पिंपं काढा! मोरीतलं पाणी द्या!”

पहिल्या मजल्यावरून आत्याबाई खाली आल्या. पदर तोंडावरून काढला.

“काय म्हणायलीस?”

“मोरीतलं पाणी, आत्याबाई. पिंपातलं. ते कालचं आहे, परवाचं आहे. चांगलं आहे. मशीनला ते चालेल.”

“मोरीतलं?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला उन्हाचा झटका बसलाय. “आंगुळीचं पाणी त्या माणसाच्या आंगात घालायलीस?”

“अंगात नाही जात. मशीन आधी गाळतं.”

“रगताजवळून जातं का न्हाई?”

“जातं.”

“मंग आंगातच गेलं.” त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. “कुमुद, माणूस मरायला टेकलाय म्हणतीस. मरणाऱ्याच्या तोंडात लोक गंगा घालतात. मोरीतलं पाणी कोण घालतं? त्यो परमुलखात एकटा हाय, त्याचं कोणी बोलणार न्हाई म्हणून का?”

मी त्यांच्याशी आठ वर्षं भांडले होते. मिठावरून, मिरचीवरून, नोकरीवरून. पण हे भांडण वेगळं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या त्या अनोळखी माणसाची बाजू घेऊन माझ्याशी भांडत होत्या.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “मरणाऱ्याच्या तोंडात घालायला मी पाणी मागत नाही. ते मरू नयेत म्हणून मागतेय. चांगलं पाणी तुम्ही मोरीत ठेवलंय. कुणी मुद्दाम ठेवलं असतं तरी इतकं नीट ठेवलं नसतं.”

“आन् काही झालं तर? पाप कोणाला?”

“मला.”

“तुला कशापायी? पाणी मी ओतलंय.”

वर वंदनाचं लेकरू रडायला लागलं होतं. मग त्या वळल्या आणि जिना चढल्या. मला वाटलं, झालं, दार लावून घेतात आता. मी सोपानरावांना म्हणणार होते की आधी तुमचं पिंप काढा.

आत्याबाई परत आल्या त्या एक नवंकोरं पांढरं लुगडं घेऊन. त्यांनी ते स्वतःसाठी ठेवलं होतं. मेल्यावर अंगावर घालायला; ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. त्यांनी त्याची घडी मोडली, पदराकडून ते टर्रकन फाडलं आणि माझ्या हातात एक तुकडा दिला.

“गाळून घ्या. चारपदरी करा. आन् पिंपात हात घालू नगा कोणी, मगानं काढा. इलासला सांगू नको.”

रांग पुन्हा लागली. या वेळी कळश्यांच्या जागी बादल्या, टब आणि दोघांनी धरलेली पिंपं होती. जोबीने पहिल्या बादलीतलं पाणी बेसिनमध्ये ओतून दिवा धरला. पाणी साधं होतं. तळाशी थोडी वाळू आणि वर नुसता दिवा दिसत होता.

“ये कहाँ का है?” त्याने विचारलं.

“बाथरूम का.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बादलीकडे, आणि खांदे उडवले. “फिल्टर को क्या मालूम,” असं म्हणून त्याने बादली उचलली. तोंडावर चारपदरी पांढरं लुगडं बांधलेल्या टाकीत आमच्या चार मजल्यांच्या आंघोळी पडू लागल्या. त्याने एकदा ते लुगडं काढायला हात घातला, कारण संचाला त्याची गरज नव्हती. मी त्याचा हात बाजूला केला.

गाळणीचा पंप चालू झाला तेव्हा मी काकांच्या हातात सुया घालत होते. त्यांची कातडी गार होती.

“मिलाला पानी?” त्यांनी पुटपुटत विचारलं.

“मिळालं.”

“कुठसून?”

“आमच्या बिल्डिंगमधून. बोलू नका आता.”

“बिल्डिंगमदी...” ते काहीतरी म्हणत होते, पण शब्द विरघळले. मॉनिटरवरच्या टेकड्या एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. डॉक्टर हैफांनी पलीकडून माझ्याकडे बघितलं. मी मशीनचा पंप सुरू केला. लाल नळी भरली, फिरली, आणि परत गेली.

आम्ही दोघी त्या पडद्यापासून हललो नाही. पहिला पुष्कळ वेळ काहीच घडलं नाही. मशीन गुरगुरत होतं, बाहेर वारा होता, आणि ती रेघ जशीच्या तशी. मग कधीतरी, नक्की केव्हा ते मला सांगता येणार नाही, एक टेकडी जरा बुटकी आली. मला भास वाटला. पुढची आली तीही बुटकी. डॉक्टर हैफांनी माझं मनगट धरलं आणि इतकं दाबलं की नंतर काळं-निळं पडलं.

“बघितलंस?”

“बघितलं.”

त्या भिंतीला टेकल्या आणि हसायलाच लागल्या. मीही हसले. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, दोघी बाया वादळात कामातून गेल्या.

मागे वळले तर दाराजवळच्या स्टुलावर आत्याबाई बसल्या होत्या. आत कधी आल्या, कुणी सोडलं, देव जाणे. अंगभर वाळू, केस पांढऱ्याचे तांबडे झालेले, आणि हात जोडलेले. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या काकांच्या छातीकडे बघत होत्या. ती वरखाली होते का, एवढंच.

“आत्याबाई, घरी जा. बरे आहेत ते.”

“तू तुझं काम कर.”

काकांनी डोळे उघडले तेव्हा वाऱ्याचा जोर कमी झाला होता आणि खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्यांची टपं दिसू लागली होती. त्यांनी आधी मला बघितलं, मग स्टुलावर बसलेल्या त्या वाळूच्या बाईला.

“ह्या कोन?”

“माझ्या सासूबाई. यांच्या घरचं पाणी.”

आत्याबाई उठल्या, दोन पावलं पुढे आल्या. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “शिळं पाणी दिलं तुम्हाला. मोरीतलं. मला ठाव हाय ते बरं न्हाई. पण ताजं न्हवतंच.”

मी डोक्याला हात लावला. पेशंटला हे सांगायची काही गरज होती का? काका त्यांच्याकडे बघत राहिले. ते रागावले की दमले, मला कळेना.

“बाय,” ते म्हणाले, “तीस वरसां ह्या मुलखात एकटा ऱ्हातो. सकालची भाकरी सांच्याला खातो. मला शिलां बाधत नाय.”

आत्याबाईंच्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला की मला वाटलं, तो त्यांनी परतूरहून धरून आणला होता.

तेवढ्यात उशीजवळचा मोबाइल वाजला. नेटवर्क परत आलं होतं. काकांच्या एका हातात सुया, दुसऱ्यात सलाईन. मी हातमोजे काढेपर्यंत आत्याबाईंनीच तो उचलला, उलटासुलटा बघितला आणि काकांच्या कानाला लावला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की स्पीकरची गरजच नव्हती. हर्णैहून त्यांची घरवाली, रुकय्याकाकी.

“दोन दिस फोन लागत नाय! जित्ते हाव काय मेले?”

“जित्ता हाय गो,” काका म्हणाले. “वारा होता जरा.”

“वारा! हितं काय वारा नाय येत? आवाज असा का येतो? बाजूला कोन हाय?”

काकांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी फोन स्वतःच्या कानाला लावला.

“मी बोलायले. बहीण हाय त्यांची. मोठी.”

मला वाटलं, आता विचारतील, कुठली बहीण? पण रुकय्याकाकींना बहीण कुठली याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना तक्रार ऐकणारं कुणीतरी मोठं माणूस हवं होतं आणि ते मिळालं होतं.

“मंग तुमीच सांगा त्यांना, बाय! माजा आयकत नायत. परवा सांगत होते, कुना अरबान ताजा खजूर धाडलान, रोज मूठभर खातंय म्हनून. डाक्टरान खजूर खावचा नाय म्हनून सांगितलानी हाय ना?”

मी हातातले हातमोजे खाली टाकले. खजूर! डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियमचं नुसतं पोतं. गेले दोन दिवस पाणी, वारा, जहाज, कारखाना, सगळ्यांना मी शिव्या घातल्या होत्या.

आत्याबाईंनी फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने पलंगाशेजारचा खण ओढला. आत सोनेरी डबा होता, निम्मा रिकामा, आणि शेजारी टिशूत नीट गुंडाळलेल्या बिया.

“हायत,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “घावले. मी बघते.”

“परकारकाका!” मी ओरडले.

काका झोपले होते. निदान तसं दाखवत होते. पापण्या घट्ट आवळून, ओठ मिटून, श्वाससुद्धा जपून घेत. मी नर्स आहे, मिटलेले डोळे मी पुष्कळ पाहिलेत. मेलेल्या माणसाला इतके घट्ट डोळे मिटता येत नाहीत.